जाड काचेच्या खिडक्यांना तडे: भराव सिमेंटचा की इपॉक्सीचा, आणि दुरुस्ती कशी?

प्रश्न – खडूरेघ

१९६० च्या दशकातले धर्मग्रामाचे (पॅरिशचे) चर्च. पश्चिमेच्या भिंतीत जाड रंगीत काचेचे चौकोनी पॅनेल एकावर एक रचलेले आहेत. शिशाच्या पट्ट्या नाहीत. काचांच्या मध्ये राखाडी, खरखरीत भराव आहे. सर्वांत खालच्या ओळीला तडे गेलेत आणि पावसात पाणी झिरपते. बाहेरून पॉलिकार्बोनेटचे पत्रे लावून सगळे बंद करावे, असा प्रस्ताव धर्मग्राम परिषदेपुढे आहे. तो योग्य आहे का? खिडक्या मूळच्याच आहेत की मागाहून बसवल्या, हे कसे ओळखावे?

उत्तर – काचकाम

पत्रे थांबवा, आधी भराव ओळखा. रंगावर जाऊ नका. इपॉक्सी (घट्ट होणारे कृत्रिम रेझिन) ओतल्यावर वरून वाळू भुरभुरत, त्यामुळे तो हुबेहूब सिमेंटसारखा दिसतो. आतल्या बाजूने, नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात वरची वाळू थोडी खरवडा आणि तापवलेली सुई टेकवा. सुई रुतली आणि उग्र वास आला तर इपॉक्सी. काहीच झाले नाही तर सिमेंट.

सिमेंट आणि काच उष्णतेने जवळपास सारखेच प्रसरण पावतात. तिथे घात करते ती आत घातलेली लोखंडी तार. पाणी शिरले की ती गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि भराव आतून फुटतो. इपॉक्सीचे दुखणे वेगळे: तो काचेच्या काही पट जास्त प्रसरण पावतो. पॅनेल चौकटीत घट्ट आवळलेले असेल, तर दुपारच्या पश्चिमेच्या उन्हात ताण बाहेर पडायला जागाच उरत नाही. मग तडा जातो, बहुधा काचेच्या आत वळलेल्या टोकदार कोपऱ्यातून.

तडे फक्त खालच्या ओळीत असतील तर माझा पहिला संशय वजनावर. २५ मिमी जाडीची काच चौरस मीटरला ६० किलोच्या आसपास भरते. प्रत्येक पॅनेलचा भार त्याच्या खालच्या आडव्या पट्टीने भिंतीत न्यायला हवा. ती पट्टी नसेल किंवा गंजून वाकली असेल, तर वरचा सगळा भार तळच्या पॅनेलवर येतो आणि ते बाहेर फुगते. पॅनेलवर तिरपी सरळ पट्टी धरून फट मोजा. तारखेसह लिहून ठेवा आणि उन्हाळ्यात व थंडीत पुन्हा मोजा. फट वाढत असेल तर आधी संरचना अभियंता, काचवाला नंतर.

पाणी बहुतेक वेळा काचेतून नाही, पॅनेल आणि चौकट यांच्या सांध्यातून येते. तिथली कडक झालेली पुट्टी किंवा सिमेंट हाताने काढा, कंपन करणारे यंत्र लावू नका. मग फोमची दोरी भरून वरून न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन नको, ते सिमेंटला नीट धरत नाही आणि लोखंड गंजवते. तडा गेलेली पण जागेवर घट्ट असलेली काच तशीच राहू द्या. इपॉक्सीतून एकच काच काढायला गेलात तर शेजारच्या दोन फुटतील.

पॉलिकार्बोनेट हवाबंद लावले तर मधली हवा तापते, ओल साचते आणि वर सांगितलेला ताण आणखी वाढतो. लावायचेच असेल तर वर आणि खाली हवेला वाट ठेवा.

उत्तर – वास्तुरेषा

खिडक्यांच्या काळाबद्दल. या तंत्राला दाल द व्हेर (फ्रेंचमध्ये ‘काचेची लादी’) म्हणतात आणि ते १९३० च्या सुमारास फ्रान्समध्ये रुजले. साधारण २० × ३० सेमीची, अडीच सेमी जाड लादी हातोडीने छिन्नीच्या धारेवर फोडतात, कडांचे टवके काढून पैलू पाडतात, तुकडे पूर्ण मापाच्या आराखड्यावर मांडतात आणि मध्ये भराव ओततात. पॅरिसजवळच्या ल रँसीचे चर्च (१९२३, वास्तुकार ऑग्युस्त पेरे) पुष्कळदा याच माळेत ओवतात. पण तिथे काँक्रीटच्या जाळीत पातळ काच आहे, ते काम वेगळे.

धर्मग्रामाच्या चर्चसाठी आजही डोळ्यांपुढे ठेवावे असे उदाहरण म्हणजे फ्रान्समधल्या ओदँकूरचे चर्च (१९५१). वास्तुकार मोरिस नोव्हारिना, खिडक्यांचा आराखडा चित्रकार फेर्नां लेजेचा, आणि विषय ख्रिस्ताच्या दुःखसहनाची साधने. १७ खिडक्यांची रंगीत पट्टी कामगारवस्तीतल्या साध्या चर्चला आतून कशी उजळते हे पाहिले, की ही काच म्हणजे भिंतच आहे हे पटते. म्हणूनच तिच्यावर बाहेरून पत्रे ठोकणे मला मान्य नाही.

मूळ की नंतरची, यासाठी चौकटीची खाच पाहा. जाड पॅनेलसाठी ओतीव काँक्रीटमध्येच रुंद खाच ठेवलेली असेल, तर खिडक्या आराखड्यातल्याच. खाच मागाहून छिन्नीने रुंदावल्याच्या खुणा असतील तर नंतरच्या. वेदीवरून मात्र खिडक्यांचे वय ठरवू नका. सप्टेंबर १९६४ च्या रोमच्या (व्हॅटिकनच्या) सूचनेत मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, असे सांगितले. त्यानंतर कित्येक ठिकाणी वेदी पुढे आली आणि खिडक्या जशाच्या तशा राहिल्या.

खडूरेघ

सुई रुतते, म्हणजे इपॉक्सी. खाच ओतीव आहे. परवानगी कोणाची लागेल?

उत्तर – दप्तरखाना

१९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेचा नियम ११८९ पाहा. प्राचीनता, कला किंवा भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या प्रतिमांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्याच्या (सहसा बिशपच्या) लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, आणि परवानगी देण्यापूर्वी त्याने तज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा असतो. नियम प्रतिमांबद्दल असला, तरी चित्रमय खिडक्यांसाठी मी तोच मार्ग धरेन. अर्ज बिशप कार्यालयाकडे करा. सोबत प्रत्येक पॅनेलला क्रमांक देऊन आतून आणि बाहेरून छायाचित्रे, तड्यांचा नकाशा आणि फुगवट्याची मापे जोडा. बांधकामाच्या हिशेबवहीत काचकाम करणाऱ्याची बिले शोधा. मूळ आराखडे पुष्कळदा कार्यशाळेकडेच राहिलेले असतात, आणि एखादे पॅनेल नव्याने ओतायची वेळ आली तर त्यांच्याशिवाय रंग आणि रेषा जुळवणे फार अवघड जाते.