शब्दचर्चा : सायटोकाइन आणि सायटोकायनिन

संत्रा उत्पादक, मोर्शी तालुका :
नमस्कार मंडळी. संत्र्यावर मी सागरी शेवाळाचं टॉनिक फवारतो, त्याच्या माहितीपत्रकात ‘सायटोकायनिन’ असा शब्द असते. लम्पीची लस देल्यावर गाय सुस्त झाली, वैरण सोडली, तर डॉक्टरसाहेब म्हणाले, “भिऊ नका, सायटोकाइन सुटले असतील.” अन् कोरोनात टीव्हीवर ‘सायटोकाइन वादळ’ ऐकून तर जीव घाबरत होता. हे तिन्ही एकच होय काय? अन् याले मराठीत म्हनाव काय?

पशुवैद्यक, वर्धा जिल्हा :
दादा, बाटलीतलं वेगळं, गाईतलं वेगळं. सायटोकायनिन हे वनस्पतींचं संप्रेरक. ते झाडाच्या पेशींचं विभाजन वाढवतं. त्यातलं पहिलं, कायनेटिन, 1955 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला फोल्के स्कूग यांच्या प्रयोगशाळेत हाती आलं. गाईच्या तापाशी त्याचा संबंध नाही. नावं सारखी वाटतात कारण मूळ ग्रीक शब्द तेच आहेत : ‘कायटोस’ म्हणजे पोकळ भांडं, विज्ञानात त्याचा अर्थ पेशी झाला, आणि दुसरा भाग हालचालीचा.

सायटोकाइन मात्र तुमच्यात, माझ्यात आणि गाईत, तिघांतही असतं. ही लहान प्रथिनं. एक पेशी ती सोडते आणि जिच्या अंगावर त्या प्रथिनाचा ग्राही, म्हणजे ते धरून घेणारी जागा, असतो ती पेशी ऐकते. आधी याला ‘लिम्फोकाइन’ म्हणत, कारण ती फक्त लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सोडतात असा समज होता. इतर पेशीही सोडतात असं दिसल्यावर 1974 साली स्टॅनली कोहेन यांनी ‘सायटोकाइन’ हे व्यापक नाव दिलं. (नोबेल मिळालेले स्टॅनली कोहेन दुसरे. दोघांची गल्लत फार होते.)

आता तुमची गाय. लस टोचली की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ ही सायटोकाइनं सोडतात. त्यांचा परिणाम मेंदूतल्या, तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतो, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि शरीराचं तापमान वर सरकतं. कान गार पडणं, रवंथ थांबणं, एका कोपऱ्यात उभं राहणं, दूध उतरणं, हे सगळं त्याच साखळीतलं. माणसाला लसीनंतर कणकण येते ती हीच. आपण तापाला देतो ते मेलॉक्सिकॅम प्रोस्टाग्लँडिनच्या पायरीवर काम करतं, जंतूवर नाही. लसीनंतरचा असा त्रास बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. त्यापुढेही गाय खात नसेल तर दवाखान्यात कळवा.

निवृत्त मराठी शिक्षिका, अमरावती :
डॉक्टर, छान समजावलंत. प्रतिशब्दाचं मी बघते. ‘पेशीप्रेरक’ नको, ते ‘संप्रेरका’त मिसळेल. ‘पेशीदूत’ कानाला बरं लागतं, पण दूत निरोप देऊन परत येतो, हे प्रथिन परत येत नाही. मला आपला ‘सांगावा’ जवळचा वाटतो. सांगावा एकाने धाडायचा, दुसऱ्याने ऐकायचा, आणि ज्याच्यासाठी आहे त्यालाच तो कळायचा. लिंगाबद्दल : प्रथिन म्हणून ‘ते सायटोकाइन’ असं नपुंसकलिंगीच लिहावं.

एका शब्दाला मात्र माझा ठाम विरोध आहे. काही लेखांत सायटोकाइनला ‘रोगप्रतिकारक द्रव्य’ म्हणतात. ‘प्रतिद्रव्य’ हा शब्द आपण आधीच अँटिबॉडीसाठी वापरतो. वाचणाऱ्याने दोन्ही एकच समजली तर त्याचा काय दोष?

वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा :
बाईंशी सहमत, आणि कारण भाषेपुरतं नाही. प्रतिद्रव्य स्वतः जंतूला चिकटतं. सायटोकाइन बहुतेक वेळा जंतूला शिवतही नाही, ते आपल्याच पेशींना कामाला लावतं किंवा थांबवतं. थांबवणारीही असतात, उदाहरणार्थ इंटरल्यूकिन-10. हा फरक कळला नाही की लोक विचारतात, “सायटोकाइन वाढवायचं औषध द्या.” असं सरसकट वाढवणं घातक ठरेल. ‘सायटोकाइन वादळ’ हा शब्दप्रयोग कोरोनाच्या बराच आधीचा, 1993 साली अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या गुंतागुंतीबद्दल वापरलेला. या अवस्थेत आपल्याच शरीराचा प्रतिसाद आवरत नाही आणि फुप्फुसं, मूत्रपिंडं त्यात भरडली जातात. कोरोनाच्या गंभीर रुग्णांना म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावं लागलं, काहींना टोसिलिझुमॅब. हे दुसरं औषध इंटरल्यूकिन-6 चा ग्राहीच अडवतं.

‘सांगावा’ आवडला. फक्त सांगावा लांबून येतो असं मनात येतं, आणि सायटोकाइन बरेचदा शेजारच्याच पेशीपुरतं असतं, कधी सोडणाऱ्या पेशीवरच काम करतं. नाव ‘सायटोकाइन’ ठेवून समजावताना ‘सांगावा’ म्हणावं, असं माझं मत.

दूध संकलन केंद्रचालक, चांदूर बाजार :
दुधात ‘सोमॅटिक सेल’ वाढल्या म्हणतात, त्याचा यात काही संबंध?

पशुवैद्यक, वर्धा जिल्हा :
थेट संबंध. कासेत जंतू शिरला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-8 सोडतात, त्या ओढीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत उतरतात आणि दुधातली मोजणी वाढते. ई. कोलाय या जंतूची दगडी (कासेची सूज) असेल तर हे इतकं जोरात होतं की सकाळी चांगली असलेली गाय संध्याकाळी तापाने बसते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मात्र अनेकदा फार गाजावाजा होऊ देत नाही. कास वरून बरी दिसते आणि रोग आत महिनोन्‌महिने मुरतो. माझ्या मते आपल्याकडच्या लहान गोठ्यांचं जास्त नुकसान या दुसऱ्या प्रकारानेच होतं, कारण तक्रारच उशिरा येते.

डॉक्टरसाहेबांसाठी एक जोड. माणसांतल्या सुप्त क्षयासाठी गॅमा इंटरफेरॉन हे सायटोकाइन मोजणारी रक्तचाचणी आहे ना, ती पद्धत आधी गुरांच्या क्षयासाठी ऑस्ट्रेलियात विकसित झाली. पेशींनी त्या जंतूची ओळख ठेवली असेल तर बाटलीतल्या रक्तातही त्या गॅमा इंटरफेरॉन सोडतात. गोठ्यातून दवाखान्यात आलेली ही विद्या आहे, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो.

शिक्षिका :
म्हणजे सायटोकाइन फक्त आजारपणातच सुटतं असं नाही ना? तसं असेल तर व्याख्येत ‘रोग’ हा शब्द घालूच नये.

पशुवैद्यक :
घालू नका, बाई. सगळ्यात सुंदर उदाहरण गाभण गाईचं. गाय फळली की साधारण सोळाव्या-सतराव्या दिवशी गर्भ ‘इंटरफेरॉन टाऊ’ सोडतो. तेही सायटोकाइनच. त्याने गर्भाशयातलं प्रोस्टाग्लँडिन रोखलं जातं, अंडाशयावरचा पीतपिंड (गाभ टिकवणारं संप्रेरक सोडणारी गाठ) टिकतो आणि गाय एकविसाव्या दिवशी माजावर येत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांतच हे आढळतं. माणसात हे काम एचसीजी हे संप्रेरक करतं, ज्यावर लघवीची चाचणी चालते.

मोर्शीचे शेतकरी :
मंग एकविसाव्या दिवशी माज दिसला नाही म्हणजे गाय गाभण, असं पक्कं धरू काय?

पशुवैद्यक :
नका धरू, दादा. मुका, म्हणजे बाहेरून न दिसणारा, माजही असतो, उन्हाळ्यात म्हशींत तर फार. सोनोग्राफीची सोय असेल तर महिनाभराने, नाहीतर दोन-अडीच महिन्यांनी हात घालून तपासून घ्या.