स्तनातली गाठ: आधी सुई की थेट ऑपरेशन?

मीठभाकर: ‘सुई टोचली की गाठ चवताळते’ हे आमच्या घरात परवा पुन्हा ऐकलं. माझं मत स्पष्ट आहे, संशयास्पद गाठीची आधी कोअर बायोप्सीच करावी, म्हणजे जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे काढून तपासावेत. भूल तेवढ्या जागेपुरती, त्याच दिवशी घरी. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतातच, मग प्रत्येकीला थिएटरात कशाला न्यायचं?

रानवारा: असहमत. सुईत येतात दोन-चार बारीक तुकडे. नेमका वाईट भाग सुटला तर? बाई ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट घेऊन निर्धास्त. अख्खी गाठ काढली की पॅथॉलॉजिस्टसमोर सगळंच येतं. शिवाय सुईच्या वाटेने पेशी सांडतात.

मीठभाकर: सांडतात, पण बहुतेक तगत नाहीत. सुईमुळे रोग जास्त उलटतो असं दिसलेलं नाही. आणि मॅमोग्राफी वाईट, सुईचा रिपोर्ट चांगला असा बेबनाव असेल तर तिथे थांबतच नाहीत. पुन्हा बायोप्सी, नाहीतर गाठ काढणं.

अनघा_लॅबवाली: एफएनएसी आणि कोअर एकच समजू नका, रुग्ण नेहमी हाच घोळ घालतात. एफएनएसीच्या बारीक सुईत नुसत्या पेशी येतात. कॅन्सर दुधाच्या नलिकेतच आहे की भिंत फोडून बाहेर पडलाय, ते त्यावरून सांगता येत नाही. कोअरची सुई जाड, बहुधा १४ गेजची. तुकडा मिळतो, त्यावर ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या होतात, म्हणजे कॅन्सर हार्मोनवर वाढतो का आणि त्यात हर-टू हे प्रथिन जास्त आहे का ते कळतं. ऑपरेशनआधी केमो द्यायची तर हे हातात लागतंच. मात्र रानवारांच्या बाजूचंही एक: कोअरमध्ये एडीएच (नलिकेतल्या पेशींची विचित्र वाढ, अजून कॅन्सर नव्हे) आलं तर सहसा तो भाग काढायला सांगतात, कारण शेजारी डीसीआयएस (नलिकेतच असलेला कॅन्सर) दडलेला असू शकतो.

रानवारा: म्हणजे फिरून ऑपरेशनच! आणि तालुक्याला सर्जन मिळतो, सोनोग्राफीत बघून कोअर घेणारा नाही.

मीठभाकर: त्या सर्जनने छेद भलतीकडे घेतला आणि कॅन्सर निघाला, तर दुसरं ऑपरेशन आलंच, वर स्तन वाचवणं अवघड. १९७४ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची बायोप्सी झाली आणि त्याच भुलीत स्तनही काढला. पत्रकार रोझ कुशनर याच पद्धतीविरुद्ध भांडल्या. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनेही निदान आणि उपचार शक्यतो वेगवेगळे करा असं सांगितलं.

रानवारा: फोर्डबाईंचा मुद्दा संमतीचा, सुईचा नव्हे. तालुक्याचं काय ते सांगा.

अनघा_लॅबवाली: जिल्ह्याला जाऊन कोअर करून यावं. त्या चार-आठ दिवसांनी सहसा काही बिघडत नाही. घाईत अर्धवट काढलेली गाठ निस्तरणं जास्त जड जातं.