जळगाव: घराच्या लॉनला पॉप-अप स्प्रिंकलर, दोन कोटेशनपैकी कोणतं घ्यावं?

पिंप्राळा_बाग
लॉन ४० बाय ३० फूट, सिलेक्शन जातीचं गवत, माती निव्वळ काळी. नळाचं पाणी २००० लिटरच्या हौदात येतं, तिथून गच्चीवरच्या टाकीत. हौदात कमी पडलं की बोअरचं घेतो, ते क्षाराचं आहे. दोन ठिकाणांहून कोटेशन आलंय.
पहिलं: १५ फुटी नोझलची ६ हेड (पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणारी फवाऱ्याची तोंडं), गच्चीच्या टाकीवरून थेट जोडणी, एक व्हॉल्व्ह.
दुसरं: त्याच नोझलची १२ हेड, दोन झोन (आळीपाळीने चालणारे भाग), १ एचपी पंप, डिस्क फिल्टर, टायमर. रक्कम जवळपास दुप्पट.
दुसरा माणूस उगाच सामान वाढवतोय का? आणि काम देण्याआधी काय काय लिहून घ्यावं?

ठिबक_तुषार_भुसावळ
भाऊ, उगाच वाढवलेलं नाही. पहिलं कोटेशन चालणारच नाही.

आधी प्रेशर बघा. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी जमिनीपासून ७-८ मीटर उंच, म्हणजे नळीच्या तोंडाशी पाऊण किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर. पॉप-अप स्प्रे नोझलला हेडपाशी २ किलो लागतं. पाऊण किलोवर कधी हेड पूर्ण वर येत नाही, कधी येतं तर पाणी दहा फुटांच्या आत जाड थेंबांनी पडतं.

आता अंतर. ६ हेड म्हणजे ३० फुटांच्या बाजूला दोनच ओळी. फवारा १५ फूट जातो, दोन्ही मधोमध जेमतेम टेकतील. एकाचा फवारा शेजारच्या हेडच्या बुडाशी पोचला पाहिजे, कारण एकट्या नोझलचं पाणी सगळीकडे सारखं पडत नाही, शेजारचं ती कसर भरून काढतं. तुमच्या मापाला ३ ओळी गुणिले ४, म्हणजे १२ हेड बरोबर बसतात: कोपऱ्यांत ४ पाव वर्तुळाची, कडेला ६ अर्धी, मध्ये २ पूर्ण. मिनिटाला पाव ३.५ लिटर, अर्धं ७, पूर्ण १४. बेरीज ८४. लॉनचे दोन सारखे भाग केले की झोनला ४२ लिटर, म्हणून दोन झोन.

पंप निवडताना 'एक एचपी' या शब्दावर जाऊ नका. ३० मीटर हेडला (इथे हेड म्हणजे पंप पाणी किती उंच ढकलतो ते; १० मीटर म्हणजे १ किलो प्रेशर) मिनिटाला किमान ४२ लिटर देणारा हवा: २० मीटर नोझलचे, उरलेले फिल्टर, व्हॉल्व्ह, पाइपात जातात. नेमप्लेटवर जास्तीत जास्त हेड आणि जास्तीत जास्त पाणी दोन्ही छापलेलं असतं, पण ते एकाच वेळी मिळत नाही. कंपनीचा तक्ता मागा. पाइप ३२ मिमी घ्या. २५ मध्ये वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर जातो आणि शेवटचं हेड उपाशी राहतं.

काळीमाती_चोपडा
आपल्याकडे खरा घोळ मातीचा असतो. काळी माती मे मध्ये भेगाळते, पावसात फुगते. पीव्हीसीच्या तुकड्यावर सरळ उभं चिकटवलेलं हेड एका पावसाळ्यात वाकडं होतं किंवा सांध्यातून तुटतं. हेड आणि लाइनमध्ये फूटभर लवचिक स्विंग पाइप हवाच. चारी एक फूट खोल, पाइपाखाली आणि वर दोन-तीन इंच मुरूम किंवा रेती. प्लंबर काढलेलीच ढेकळं परत लोटतात, ते करू देऊ नका.

दुसरं, या १२ हेडांतून तासाला ४५ मिमीच्या वेगाने पाणी पडेल. भिजलेली काळी माती तासाला काही मिमीच पाणी आत घेते, बाकीचं फाटकाबाहेर वाहतं. उन्हाळ्यात दिवसाला साधारण ६ मिमी धरा. दिवसाआड १२ मिमी द्यायचे तर झोनला १६ मिनिटं, पण सलग नाही: चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये अर्धा तास. एकूण १३५० लिटरच्या आत, हौदाला झेपतं. म्हणून टायमर दिवसात किमान चार वेळा सुरू होणारा घ्या, आणि वीज गेली तरी वेळ लक्षात ठेवणारा. वेळ पहाटेची. दुपारी वाऱ्याने फवारा भिंतीवर जातो.

पिंप्राळा_बाग
दोघांचे आभार. हौदावर अर्धा एचपीची सेल्फ प्रायमिंग (स्वतः पाणी ओढून घेणारी) मोटार आहे. तिच्यावर चार झोन केले तर?

ठिबक_तुषार_भुसावळ
जमू शकतं. झोनला मिनिटाला २१ लिटर लागतील. हौदापाशी प्रेशर गेज लावून, बादलीत मिनिटभर पाणी मोजा: व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत प्रेशर ३ किलोवर आणल्यावर २१ लिटर पडलं तर ठेवा. बहुतेक अर्धा एचपी इथेच अडकतात. हौद रिकामा झाल्यावर मोटार कोरडी चालू नये म्हणून हौदात फ्लोट स्विच (पाणी उतरलं की मोटार बंद करणारा) दोन्ही प्रकारांत लावा. नळाच्या लाइनवर थेट पंप लावायचा नाही.

वाघूर_गार्डन
बोअरच्या पाण्यासाठी १२० मेशचा (मेश म्हणजे जाळीची बारीकी) डिस्क फिल्टर ठीक, पण तो रेती-कचरा अडवतो, विरघळलेला क्षार नाही. नोझलवर पांढरा थर येणारच. दोन-तीन महिन्यांनी काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवा. टाचणीने टोकरू नका, भोक मोठं होतं.

टायमरने उघडणारे झोनचे व्हॉल्व्ह २४ व्होल्टचे असतात. जमिनीतले वायरचे जोड जेल भरलेल्या कनेक्टरमध्येच हवेत. नुसती टेप लावलेले जोड पहिल्या पावसात गंजतात आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. वायर एक जादा कोअरची (आतल्या तारेची) घ्या.

लिहून घ्यायचं ते असं: हेडांचा नकाशा, प्रत्येक नोझलचं मॉडेल, नोझल लावण्याआधी लाइन फ्लश (पाणी सोडून आतली घाण काढणं), चारी बुजवण्याआधी प्रेशर देऊन गळती तपासणी, उघड्या चारीचे फोटो. पैशांचा शेवटचा हिस्सा चाचणीनंतर. १६ सारखे डबे लॉनभर ठेवा, दोन्ही झोन आठ-आठ मिनिटं चालवा, डब्यातलं पाणी सिरिंजने मोजा. सगळ्यांत कमी भरलेल्या चारांची सरासरी भागिले सोळांची सरासरी: ०.७ च्या आसपास आली तर पैसे द्या. ०.५ आली तर आधी प्रेशर आणि वाकडी हेड दुरुस्त करून घ्या, मग परत डबे मांडा.