'डल' फोटोला मराठीत काय म्हणायचं: मळकट, धुरकट की फिका?

वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर एक पान लिहितोय. पणजीचं पायऱ्यांवरचं चर्च एवढं पांढरंशुभ्र, पण फोटोत ते सिमेंटच्या रंगाचं दिसतं. सगळे म्हणतात डल आलाय. आता डलला लिहू काय? निस्तेज लिहिलं तर माणूस आजारातून उठल्यासारखं वाटतं.

— मळकट लिहा ना सरळ. पांढऱ्याचं पांढरेपण गेलं की आपण मळकटच म्हणतो, मग तो सदरा असो नाहीतर चर्च. आणि कारणही लिहा, कॅमेऱ्याला समोर चर्च आहे की म्हैस हे कळत नाही, जे असेल ते सरासरीने मधल्या राखाडीचं, साधारण 18 टक्के उजेड परतवणारं, असं धरून तो एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवतो, त्यामुळे पांढरं खाली ओढलं जातं आणि काळी म्हैस वर चढून राखाडी होते. मंगेशीच्या दीपस्तंभाचं तेच. अधिक-उणेचं बटण असतं त्यावर +1 करून परत काढा. म्हशीला उणे.

— चर्चपुरतं मळकट ठीक, पण सगळ्याच डलला नको. मिरामारच्या किनाऱ्यावर सूर्य समोर ठेवून काढलेला फोटो मळकट नसतो, धुरकट असतो, त्यात पांढरं असतं पण काळंच नसतं, सावल्यासुद्धा दूध घातल्यासारख्या. लेन्सवर बोटाचा तेलकट डाग किंवा खाऱ्या वाऱ्याचा थर असला की उजेड आत पसरतो आणि असं होतं. आधी मऊ कापडाने लेन्स पुसा, मग हाताने ऊन अडवा (हात फोटोत येऊ देऊ नका, येतोच!). पावसाळ्यात एसी खोलीतून एकदम बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते, तेही धुरकटच, तेव्हा पुसत बसू नका, थोडा वेळ थांबा.

— आणि फिका राहिला की. जुलैतल्या ढगाळ उजेडात चिऱ्याची भिंत फिकी येते, तिथे पांढरं-काळं दोन्ही जागेवर असतं, रंगच उतरलेला असतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, क्लाउडीवर (ढगाळवर) ठेवला की रंगांना ऊब येते. सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) ओढायचं तर अगदी थोडं, नाहीतर चिरे लालभडक आणि माडांच्या झावळ्या प्लास्टिकच्या.

म्हणजे एका डलचे तीन शब्द झाले. मग काढून झालेल्या फोटोचं काय?

— हिस्टोग्राम उघडा, म्हणजे फोटोत काळ्यापासून (डावीकडे) पांढऱ्यापर्यंत (उजवीकडे) कुठली छटा किती आहे ते ढिगाऱ्यासारखं दाखवणारा आलेख, शब्द तोच सांगेल. उजवीकडची जागा रिकामी तर मळकट, डावीकडची रिकामी तर धुरकट. दोन्हीला गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममधलं लेव्हल्स, त्यात आलेखाखालचा रिकाम्या बाजूचा त्रिकोण ढिगाऱ्याच्या पायथ्यापर्यंत आणायचा. फार ताणू नका, जेपेगमध्ये (कॅमेरा नेहमी देतो त्या फोटो-फाइलमध्ये) दर रंगाला 256 च पायऱ्या, त्या ताणल्या की आभाळात पट्टे दिसायला लागतात. बाकी संध्याकाळच्या फोटोत उजवी बाजू आणि धुक्यातल्या फोटोत डावी बाजू बहुधा रिकामी असणारच, त्यांना मळकट-धुरकट म्हणून ताणत बसू नका.

— राखाडी का नको?

— रंग सांगायला राखाडी, दोष सांगायला नाही. करडा तर नकोच, करडी नजर, करडा आवाज, त्यात जरब आहे, आणि ब्लॅक अँड व्हाइटमधल्या करड्या छटा हव्याच असतात. आमच्याकडे कोंकणीत राखेला गोबर म्हणतात, पण पत्रकात गोबर रंग लिहाल तर घाटावरचे लोक गोबरगॅस समजतील 😄

— विटका?

— विटका म्हणजे आधी रंग होता, मग उन्हाने नाहीतर धुण्याने गेला. घरातल्या जुन्या कलर प्रिंटा विटतात, त्यांना म्हणा. कालच्या मेमरी कार्डावरच्या फोटोला नाही चालणार.

ठीक, चर्चखाली मळकट लिहितो आणि धुरकट-फिक्याला वेगळे फोटो लावतो. मिरामारचा कुणाकडे असेल तर द्या, न पुसलेल्या लेन्सचा.