जग अनादि की घडवलेलं? मायमोनिडीसने उत्तर दिलं की बगल दिली?

पोथीबहाद्दर:
ॲरिस्टॉटलच्या मते गतीला आणि काळाला आरंभ असूच शकत नाही. मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सिनाने (९८०–१०३७) ते देवाशी जुळवून घेतलं: जग देवामुळेच आहे, पण ते नव्हतं असा काळ कधी नव्हता. मुस्लिम धर्मपंडित गझालीने १०९५ च्या सुमारास 'तहाफुत अल-फलासिफा' ('तत्त्वज्ञांची विसंगती') या ग्रंथात तत्त्वज्ञांचे वीस मुद्दे झोडपले. त्यातला पहिला आणि सर्वांत लांबलचक हाच, आणि जग अनादि मानणाऱ्याला त्याने थेट काफिर ठरवलं.

मला या सगळ्यांत सरळ माणूस वाटतो तो मायमोनिडीस. कोर्दोबात जन्मलेला ज्यू, कैरोजवळच्या फुस्तातमध्ये वैद्यकी करणारा. 'दलालत अल-हाइरीन' ('गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक') या ग्रंथात तो म्हणतो की जग अनादि असल्याचा पुरावा ॲरिस्टॉटलकडे नाही, आणि निर्माण झाल्याचा पुरावा कलामवाल्यांकडेही (तर्काने धर्ममत मांडणाऱ्या मुस्लिम पंडितांकडेही) नाही. स्वतः निर्मिती मानत असूनही ती सिद्ध केल्याचा आव आणत नाही. त्या काळात हे धाडसच म्हणायचं.

शंकेखोर:
सरळ? त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागाचं पंचविसावं प्रकरण बघा. तिथे दोन कारणं दिली आहेत. एक, अनादित्व सिद्ध झालेलं नाही. दोन, ॲरिस्टॉटल म्हणतो तसं ते मानलं तर चमत्कार जातात आणि धर्मशास्त्राचा पायाच उखडतो. म्हणजे दोन्ही पारडी समान, मग सोयीचं ते घेतलं! वर हेही सांगून ठेवलंय की अनादित्व सिद्ध झालं असतं तर तोरातल्या (ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या) वचनांचा वेगळा अर्थ लावणं काही अवघड नव्हतं. याला मागचं दार उघडं ठेवणं म्हणतात.

पोथीबहाद्दर:
दार उघडं आहे ते पुराव्यासाठी. देवाला हात-पाय असल्याची वचनंही त्याने अशीच लाक्षणिक ठरवली होती, कारण देव अशरीरी असल्याचा पुरावा आहे असं त्याचं मत होतं. इथे पुरावा नाही, तर वचनं कशाला वाकवायची?

आणि मायमोनिडीसने दिलेलं बेटावरच्या मुलाचं उदाहरण तुम्ही सोयीस्कर गाळलंत. आई लहानपणीच गेली, बापाने एकाकी बेटावर वाढवलं, स्त्री किंवा मादी कधी पाहिलीच नाही. त्याला सांगा की तू कित्येक महिने कुणाच्या तरी पोटात होतास, नाकातोंडाने श्वास नव्हता, खाणं नव्हतं. तो शपथेवर सांगेल की हे अशक्य, कारण आपण क्षणभर श्वास कोंडला तरी मरतो. तयार जगाचे नियम त्याच्या आरंभाला लावणारा ॲरिस्टॉटल म्हणजे हा मुलगा.

मुंबईकर_मी:
मायमोनिडीसचं कौतुक पुरे, गझालीचं गणित बघा. शनीची फेरी तीस वर्षांत, सूर्याची एका वर्षात. जग अनादि असेल तर शनीच्या फेऱ्या सूर्याच्या एक-तीसांश, आणि तरी दोन्ही अनंत! बरं, आजवरच्या फेऱ्या सम की विषम? इब्न सिनावाल्यांनी द्यावं उत्तर.

शंकेखोर:
उत्तर मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रश्दने दिलंय, गझालीच्या ग्रंथाला उत्तर म्हणून लिहिलेल्या 'तहाफुत अल-तहाफुत'मध्ये. होऊन गेलेल्या फेऱ्या आता अस्तित्वातच नाहीत. त्यांची बेरीज असा काही ढीग कुठे पडलेला नाही, मग सम-विषम कशाचं? आणि काफिर ठरवण्याबद्दल म्हणाल, तर 'फस्ल अल-मकाल' या दुसऱ्या ग्रंथात त्याने कुराणच समोर ठेवलंय. ११:७ मध्ये आकाश-पृथ्वी घडताना देवाचं सिंहासन पाण्यावर होतं, ४१:११ मध्ये आकाश आधी धूर होतं. म्हणजे निर्मितीआधी पाणी, सिंहासन, धूर सगळं हजर. शून्यातून निर्मिती हा कलामवाल्यांनी काढलेला अर्थ, वचनात तो नाही. पेशाने काझी होता, युक्तिवाद वकिली वाटला तरी बिनतोड आहे.

मुंबईकर_मी:
पाणी आणि धूरही देवानेच आधी निर्माण केले असतील की! वचन तेही नाकारत नाही.

शंकेखोर:
नाकारत नाही, तसं सांगतही नाही. मग काफिर कसा काय ठरवता?

आता मूळ मुद्दा. मायमोनिडीसचं दुसरं कारण एका ज्यू पंडितानेच निकालात काढलंय. हसदाई क्रेस्कासने १४१० मध्ये 'ओर अदोनाय' पूर्ण केला. स्वतः निर्मिती मानत असूनही तो म्हणतो की तोराचा पाया तिच्यावर उभा नाही. देवाच्या इच्छेने जग अनादि काळापासून असलं तरी चमत्कार शक्यच राहतात. मग उखडलं काय?

पोथीबहाद्दर:
'देवाच्या इच्छेने' हे तुम्हीच लिहिलंत. मायमोनिडीसचा आक्षेप ॲरिस्टॉटलच्या त्या अनादित्वावर आहे, जिथे सगळं अटळपणे घडतं आणि माशीचा पंखसुद्धा देवाला लांब करता येत नाही. इच्छा आत आणली की तो ॲरिस्टॉटल उरतच नाही. क्रेस्कास वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. उत्तर चांगलं आहे, पण त्याने मायमोनिडीस खोडला जात नाही.