वॉर्फरिन चालू असताना कोथिंबीर पूर्ण बंद करावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार. आईच्या हृदयात धातूची मायट्रल झडप बसवलेली आहे, त्यामुळे वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) कायमचं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि तो बरेच महिने नीट राहतही होता.

मध्यंतरी नात्यातल्या कुणीतरी तिला सांगितलं की सकाळी उपाशीपोटी कोथिंबिरीचा रस घेतला की मूत्रपिंडं साफ होतात. तिने मनावर घेतलं, रोज एक जुडी वाटून गाळून प्यायची. पुढच्या तपासणीत आयएनआर १.८ आला. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. रसाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मलाही नंतर कळलं. कळल्यावर आईने धसका घेतला आणि रसच काय, कोथिंबिरीचं पानही खाणं सोडलं. पुदिना, पालक सगळंच बंद. जेवण बेचव लागतं म्हणून ती आता नीट जेवतही नाही, मला त्याची जास्त काळजी वाटते.

खरंच इतकं कडक पथ्य लागतं का? वरून घातलेली थोडी कोथिंबीरही धोक्याची आहे का? पुढची तपासणी दोन आठवड्यांनी आहे. दंडावर एक निळसर डाग दिसला, पण कुठे आपटलं असेल असं ती म्हणते.

प्रतिसाद

मी आहारतज्ज्ञ आहे. कोथिंबिरीचं नंतर सांगते, आधी हे वाचा. डोस वाढवला तेव्हा रस चालू होता. आता रस बंद आहे, हिरवा पाला बंद आहे, जेवणही कमी झालंय आणि गोळी मात्र वाढलेलीच आहे ना? मग आयएनआर वर गेलेला असू शकतो. त्यात तो निळा डाग. दोन आठवडे थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करून रसाची सगळी हकिकत सांगा. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, जोराची डोकेदुखी यांपैकी काही असेल किंवा डोक्याला मार लागला असेल तर फोनही नको, सरळ रुग्णालयात न्या. गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका.

आता कारण. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार होतात. एकदा वापरलेलं के शरीर पुन्हा वापरात आणतं, वॉर्फरिन नेमकं तेच अडवतं. बाहेरून भरपूर के आलं की गोळीचा जोर कमी पडतो. १०० ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत साधारण ३१० मायक्रोग्रॅम के असतं आणि प्रौढ बाईची रोजची गरज ९० च्या आसपास. म्हणजे जुडीभर रस हा मोठा डोसच झाला. वरून घातलेल्या चार-पाच ग्रॅममध्ये मात्र जेमतेम १५ मायक्रोग्रॅम. त्याने काही बिघडत नाही.

पाला बंद करायचा नसतो, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. के अगदीच कमी खाणाऱ्यांचा आयएनआर उलट जास्त हेलकावे खातो. त्यामुळे आईंना कोथिंबीर, पालक पुन्हा सुरू करू द्या, पण डॉक्टरांना सांगून, म्हणजे डोस त्या जेवणाप्रमाणे बसवता येईल. रस मात्र नको. त्याने मूत्रपिंडं साफ होतात याला आधार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. फोन केला, आजच रक्त तपासायला बोलावलंय. आईला घेऊन निघतोय. एकच विचारतो, धने चालतात का? तेही तिने डब्यातून काढून टाकलेत.

प्रतिसाद

चालतात. के असतं ते हिरव्या पानात. स्वयंपाकापुरत्या धन्यांची चिंता नको. वाळवलेली कोथिंबीर वापरत असाल तर ती बेताने घाला, पाणी उडून गेल्यामुळे तेवढ्याच वजनात के कितीतरी जास्त भरतं. आयएनआर किती आला ते नक्की कळवा.