आईबाबांच्या लग्नाचा ४० वा वाढदिवस: माद्रिदमध्ये परवडेल असे प्रादेशिक जेवण कुठल्या प्रांताचे निवडावे?

गेताफेची वेंगुर्लेकरीण

नमस्कार. येत्या ३० नोव्हेंबरला माझ्या आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या सुमारास ते दोघे वेंगुर्ल्याहून आमच्याकडे, माद्रिदच्या दक्षिणेला असलेल्या गेताफे येथे, महिनाभर राहायला येणार आहेत. घरी पुरणपोळी होईलच. परंतु एक जेवण बाहेर करावे, आणि ते भारतीय किंवा इटालियन न करता स्पेनमधल्याच एखाद्या प्रांताचे करावे, अशी बाबांची इच्छा आहे. "तुम्ही राहता त्या देशात लोक घरी काय जेवतात ते दाखव," असे त्यांनी फोनवर दोनदा सांगितले.

आम्ही पाच जण असू. बाबा मासे खाणारे, तेही मनापासून. कोंबडी चालते, मात्र गोमांस आणि डुकराचे मांस ते खात नाहीत. आई शाकाहारी आहे, अंडे आणि चीज खाते. मी आणि यजमान सर्व काही खातो. नऊ वर्षांचा मुलगा बटाटा व पाव यांखेरीज फारशा कशाला हात लावत नाही. पाचही जणांचे मिळून १५० ते १७० युरोंच्या आत जमले तर बरे होईल.

१७२५ पासून चालत आलेल्या बोतिन या रेस्टॉरंटचे नाव सर्वांनीच सुचवले, पण तिथे जायचे ते भाजलेल्या कोवळ्या डुकरासाठी, म्हणजे आमच्या पंक्तीत तीन पाने रिकामी. वालेन्सियाचा भात, गालिसियाचे समुद्री जेवण आणि आस्तुरियासची सिद्रेरिया (सिद्रा, म्हणजे सफरचंदाचे आंबवलेले मद्य, मिळणारी खाणावळ) असे तीन पर्याय माझ्या डोक्यात आहेत. शिवाय यंदा ३० नोव्हेंबर सोमवारी येतो, हीही एक अडचण आहे. ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना अशा ठिकाणी नेले आहे, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

मान्सानारेसकाठचा

आपल्या तीन पर्यायांपैकी मी निःसंकोचपणे आस्तुरियास निवडेन, आणि त्याचे कारण चवीपेक्षा पंक्तीत आहे. जिथे प्रत्येकाचे ताट वेगळे असते तिथे खर्च माणशी वाढत जातो. आस्तुरियन खाणावळीत पदार्थ मोठ्या थाळ्यांत येतात, टेबलाच्या मध्यभागी ठेवले जातात आणि सगळे त्यातून वाढून घेतात. पाच माणसांनी चार पदार्थ मागवले तरी पोट भरते. हा हिशेब भाताच्या बाबतीत जमत नाही, कारण पाएया आणि तिच्या भाईबंद भातांच्या दराखाली बहुतेक ठिकाणी "किमान दोन माणसांसाठी" असे लिहिलेले असते आणि छापलेला दर माणशी असतो. आपल्या आईंसाठी भाज्यांचा वेगळा भात मागवायचा तर त्याचे दोन माणसांचे पैसे द्यावे लागतील, आणि तो भात मांसाच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजलेला नाही याची खात्री पुन्हा वेगळी करावी लागेल. एक गोष्ट मात्र खरी: तळाला धरलेला कुरकुरीत भात, ज्याला तिकडे सोकार्रात म्हणतात, तो पाहून कुठल्याही कोकणी माणसाला घरच्या टोपातली खरवड आठवेल. तो आनंद दुसऱ्या एखाद्या रविवारी दुपारी घ्यावा. रात्री भात खायला वालेन्सियाची माणसे स्वतः सहसा जात नाहीत.

आता आस्तुरियन पदार्थांविषयी. फाबादा हा त्या प्रांताचा मानबिंदू असला तरी मोठ्या पांढऱ्या घेवड्यांच्या त्या रश्श्यात डुकराचे तीन-चार प्रकार असतात, आणि काचोपो म्हणजे वासराच्या मांसाच्या दोन कापांमध्ये हॅम व चीज भरून, पावाचा चुरा लावून तळलेला, ताटाबाहेर जाणारा पदार्थ. हे दोन्ही आपल्या बाबांसाठी बाद. परंतु त्याच घेवड्यांचा फाबेस कोन आल्मेखास नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात मांसाऐवजी शिंपल्या असतात, रस्सा हलका पिवळसर असतो आणि शिंपल्यांचे खारट पाणी घेवड्यांत मुरलेले असते. तिसऱ्यांवर वाढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. नारळ नाही एवढीच काय ती तक्रार. त्याशिवाय सिद्रामध्ये शिजवलेला मेर्लुसा मासा आणि पिशीन, म्हणजे मंकफिशचे तळलेले तुकडे, हेही बहुतेक सिद्रेरियांत असतात.

आईंसाठी तोर्तोस मागवावेत. मक्याच्या पिठाच्या या लहान भाकऱ्या तेलात तळल्या की फुगतात, आणि त्यांवर काब्रालेस हे निळ्या बुरशीचे तिखट चीज किंवा तळलेले अंडे घालून देतात. गोडात अरोस कोन लेचे, अर्थात तांदळाची खीर. आस्तुरियासमध्ये तिच्यावर साखर पसरून ती तापलेल्या लोखंडाने जाळतात, त्यामुळे वर काचेसारखा पापुद्रा धरतो. फ्रिशुएलोस ही आपल्या घावनांची पातळ चुलत बहीण आणि कासादिएयेस म्हणजे अक्रोड-साखरेचे सारण भरून तळलेली करंजीच. आमच्या सासूबाईंनी पहिला घास घेऊन "खोबरं कुठं गेलं?" असे विचारले होते.

आणि सिद्रा ओतण्याचा सोहळा! वाढपी बाटली डोक्यावर उंच धरतो, दुसऱ्या हातातला रुंद पेला मांडीपाशी तिरका ठेवतो आणि बहुधा पेल्याकडे न पाहता धार सोडतो. उंचावरून आपटल्याने सिद्रेला क्षणभर फेस येतो. तो विरण्याआधी तो दोन बोटांचा घोट एका दमात प्यायचा आणि तळाशी उरलेले थेंब, जिथे ओठ लागले त्या कडेवरून, खाली फेकून द्यायचे, कारण जुन्या रीतीप्रमाणे तोच पेला पुढच्या माणसाकडे जातो. आस्तुरियासच्या या सिद्रा-संस्कृतीला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आपल्या मुलाला बटाट्याचा विसर पडेल असे दृश्य तेवढेच एक आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मोठी माणसे अशाच एका साध्या सिद्रेरियात जेवलो, त्याचे बिल सिद्रेच्या तीन बाटल्या धरून १४८ युरो झाले.

मालागाची सून

वरील उत्तर आवडले, तरीही माशांचे भक्त असलेल्या गृहस्थांना घेवडे वाढणे हा मला थोडा अन्याय वाटतो. आंदालुसियाच्या तळलेल्या माशांच्या खाणावळी माद्रिदमध्येही आहेत आणि त्या सिद्रेरियापेक्षा स्वस्त पडतात. बोकेरोनेस हा छोटा मासा आपल्या मांदेलीच्याच कुळातला. पिठात घोळवून, ऑलिव्हच्या तेलात कडक तळून, काट्यासकट खायचा. माझ्या वडिलांनी मालागात त्याच्या दोन थाळ्या संपवल्या आणि "रवा लावला असता तर आणखी बरे झाले असते" असा अभिप्राय दिला. शाकाहारी माणसासाठी उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी आणि सेव्हियाच्या पद्धतीची पालक-चणे भाजी हे दोन्ही पदार्थ आईंना परके वाटणार नाहीत. दाट टोमॅटोचे थंड सूप, साल्मोरेखो, मागवल्यास वरून हॅमचे तुकडे घालू नयेत असे आधीच सांगावे.

मात्र एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. अशा ठिकाणी गलका फार असतो, अनेकदा उंच स्टुलांवर बसावे लागते आणि दोन तास निवांत बोलत बसायची सोय नसते. सत्तरीकडे झुकलेल्या दांपत्याचा समारंभ असेल तर जागा आधी जाऊन पाहावी.

गालिसियाबद्दल सावधगिरीचे दोन शब्द. लाकडी थाळीत, वर लाल पाप्रिका, जाडे मीठ आणि तेल घालून येणारा ऑक्टोपस उत्तम आणि त्याचा दर निश्चित असतो. परंतु मेनूवर जिथे आकड्याऐवजी "बाजारभावाप्रमाणे" असे लिहिलेले असते, तिथे वजन आणि दर विचारल्याखेरीज होकार देऊ नये. एका ठिकाणी, ज्याचे नाव मी घेणार नाही, वाढप्याने ट्रेमधून अख्खा मासा आणून दाखवला. आम्ही सर्वांनी कौतुकाने माना डोलावल्या. त्या माना डोलावण्याचे बिलात ६८ युरो लागले. मासा चांगला होता, हे खोटे कशाला सांगू. पण वाढदिवस ज्यांचा होता त्यांना परत येताना बसमध्ये तेवढाच विषय पुरला.

सालामांका ते सांगली

शाकाहारी पाहुण्यांबाबत एक सूचना. "मांस नाही ना?" असे विचारले की अनेक वाढपी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण हॅम, माशांचे पाणी आणि टूना यांना ते मांस समजत नाहीत. म्हणून पदार्थागणिक विचारावे: यात हॅम आहे का, रस्सा कशाच्या पाण्यात केला आहे, तळण्याचे तेल माशांसाठी तेच वापरता का. क्रोकेता दिसायला बटाटेवड्यासारखे असले तरी आत बहुधा हॅम असते. काब्रालेससारख्या परंपरागत चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण वापरले जाते. आईंना ते चालणार नसेल तर तोर्तोसवर अंडे घ्यावे. नोव्हेंबर हा रानातल्या अळिंब्यांचा हंगाम असतो, त्यामुळे लसणावर परतलेल्या अळिंब्या विचारून पाहाव्यात.

गेताफेची वेंगुर्लेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. आंदालुसियाचा पर्याय मला मोहात पाडत होता, पण आईचे गुडघे आणि उंच स्टूल यांचा विचार करता मी आस्तुरियासकडे झुकले आहे. दोन शंका आहेत. कासा मिंगो या सिद्रेरियाचे नाव वारंवार वाचते, ते आमच्यासाठी योग्य ठरेल का? आणि सोमवारी दुपारी मिळणाऱ्या ठरावीक दराच्या मेनूवर हा समारंभ उरकला तर ते फार कंजूषपणाचे दिसेल का?

मान्सानारेसकाठचा

कासा मिंगो १८८८ पासून चालू आहे आणि भाजलेली कोंबडी, सिद्रा व काब्रालेस यांसाठी तिथे जाणे केव्हाही आनंदाचे. शेजारीच सान आंतोनियो दे ला फ्लोरिदाची छोटी चर्च आहे, जिच्या घुमटावरची चित्रे गोया या चित्रकाराने १७९८ मध्ये रंगवली आणि जिथे त्याचे अवशेषही आहेत. त्यामुळे दोन्ही गोष्टी एका फेरीत होतात. तरी आपल्या प्रसंगासाठी मी ते पहिले नाव म्हणून सुचवणार नाही. तिथला जीव कोंबडीत आहे, आणि आपल्या मंडळींत एक जण मासेखाऊ व एक शाकाहारी. आईंच्या वाट्याला बटाट्याचे आम्लेट आणि सॅलड एवढेच येईल अशी भीती वाटते. वस्तीतल्या, मोठा मेनू असलेल्या एखाद्या सिद्रेरियात त्यांची अधिक चांगली सोय होईल.

ठरावीक दराच्या मेनूत कंजूषपणा मुळीच नाही. आमच्या भागात १४ ते १६ युरोंत पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी मिळते आणि अर्धे माद्रिद त्यावरच जेवते. अडचण वेगळी आहे. तो मेनू कामाच्या मधल्या सुट्टीत जेवणाऱ्यांसाठी असतो, त्यात निवड मोजकी असते आणि पुढचे गिऱ्हाईक दारात उभे असते. शिवाय बऱ्याच खाणावळी रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असतात. माझा सल्ला असा की रविवारी, २९ तारखेला, दुपारी दोन वाजताचे टेबल राखून ठेवावे. रविवारी दुपारी इथली कुटुंबे आजी-आजोबांना घेऊन जेवायला बाहेर पडतात, त्यामुळे तीन तास बसलात तरी कोणी घड्याळाकडे पाहत नाही.

बिलाविषयी थोडेसे: मेनूवरील दरांत कर धरलेला आहे ना आणि गच्चीवर किंवा फुटपाथवर बसण्याचा दर वेगळा आहे का, हे पाहावे. पाव न मागता येतो आणि त्याचे पैसे लागतात. नको असल्यास तेव्हाच परत करावा. नळाचे पाणी मात्र २०२२ च्या कचराविषयक कायद्यानुसार फुकट देणे त्यांना बंधनकारक आहे, तेव्हा "जग भरून नळाचे पाणी" असे स्पष्ट मागावे, नाही तर बाटली उघडली जाते. बक्षिशी ऐच्छिक असते.

गेताफेची वेंगुर्लेकरीण

कळवण्यास आनंद होतो की काल टेबल राखून झाले: रविवार, दुपारी दोन, पाच माणसे, आतल्या बाजूला, पाठ असलेल्या खुर्च्या. घरापासून मेट्रोने पाऊण तासावर असलेली एका कुटुंबाची सिद्रेरिया आहे. फोनवर मी एकेका पदार्थाची चौकशी केली. मालकीणबाईंनी न कंटाळता उत्तरे दिली, तोर्तोससाठी वेगळी कढई लावते म्हणाल्या, आणि ४० वर्षांचे ऐकल्यावर अरोस कोन लेचे एकाच मोठ्या थाळीत करून, जाळलेल्या साखरेचा पापुद्रा टेबलापाशी आणून फोडू, असे स्वतःहून सुचवले. दोन थाळ्या घेवडे-शिंपल्या, एक पिशीन, तोर्तोस, अळिंब्या, मुलासाठी बटाटे आणि दोन बाटल्या सिद्रा असा माझा बेत आहे. वरवरच्या हिशेबाने १५५ युरोंच्या आसपास जाईल.

सिद्रा ओततानाची चित्रफीत बाबांना पाठवली होती. त्यांनी ती तीनदा पाहिली आणि एवढेच विचारले, की जमिनीवर फेकलेला घोटही बिलात धरतात का.